बंदुकीचे सेवापुस्तक न्यायालयात का येत नाही?

२१ ऑगस्ट २०१९ रोजी बिहारचे माजी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्यावर सुपौल जिल्ह्यातील त्यांच्या गावी शासकीय इतमामात अंत्यसंस्कार होत होते. मुख्यमंत्री नितीश कुमार समोर उभे होते. मानवंदनेसाठी पोलिसांच्या २२ रायफली आकाशाकडे वळल्या, चाप ओढले गेले आणि एकाही रायफलीतून बार निघाला नाही. ही चित्रफीत देशभर फिरली आणि लोक पोट धरून हसले. त्याआधी ऑक्टोबर २०१८ मध्ये उत्तर प्रदेशातील संभल जिल्ह्यात एका कारवाईच्या वेळी पोलिसाचे पिस्तूल ऐनवेळी अडकले आणि सोबतच्या अधिकाऱ्याने तोंडानेच 'ठांय ठांय' असा आवाज काढला. त्यावरही विनोद झाले.

हसणाऱ्यांना दोष देण्याचे कारण नाही. परंतु फौजदारी न्यायालयात ज्याची हयात जाते त्याला या प्रसंगांत वेगळेच काही दिसते. हवी तेव्हा न उडणारी बंदूक आणि नको तेव्हा उडणारी बंदूक या दोन वेगळ्या बंदुका नसतात. त्या एकाच शस्त्रागारातल्या, एकाच दुर्लक्षात वाढलेल्या सख्ख्या बहिणी असतात. पहिलीवर आपण हसतो. दुसरी कोणाचा तरी जीव घेते आणि मग कागदावर 'अपघाताने गोळी सुटली' एवढे तीन शब्द लिहून विषय मिटवला जातो.

सुपौलच्या प्रकारात एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. २२ रायफलींचे भाग एकाच दिवशी, एकाच क्षणी झिजत नाहीत. झीज ही प्रत्येक हत्याराची वेगळी असते. सगळ्याच गप्प राहिल्या याचा अर्थ माझ्या मते असा की संशय प्रथम काडतुसांवर जातो. काडतुसाच्या बुडाला जी स्फोटक टिकली असते ती जुनी झाली, तिला ओल लागली तर आघात बसूनही ती पेटत नाही. पण त्यातून मोठा प्रश्न उभा राहतो तो हा, की मुख्यमंत्र्यांसमोर नेण्याआधी त्यातले एक तरी काडतूस कोणी उडवून पाहिले होते का? जिथे राज्याच्या प्रमुखासमोर जाणाऱ्या हत्यारांची ही कथा, तिथे आडवळणाच्या चौकीत रात्रपाळी करणाऱ्या शिपायाच्या खांद्यावरची रायफल कोण तपासत असेल?

आता झीज म्हणजे काय, हे समजून घेऊ. कारण पोलीस, वकील आणि अनेकदा न्यायाधीशसुद्धा बंदुकीकडे लोखंडाची एक अखंड वस्तू म्हणून पाहतात. ती तशी नसते. शिलाई यंत्राप्रमाणे, सायकलीप्रमाणे ती अनेक छोट्या भागांची जुळणी असते आणि प्रत्येक भागाचे आयुष्य निराळे असते.

आपल्या ओळखीची 'थ्री नॉट थ्री' घ्या. ब्रिटिश लष्कराने १८९५ साली स्वीकारलेल्या ली-एनफिल्ड घराण्यातली ही रायफल. बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात ती स्वातंत्र्यानंतरही बनत राहिली. लष्कराने सोडली तरी पोलिसांच्या खांद्यावरून ती अनेक वर्षे उतरली नाही. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो २६ जानेवारी २०२० च्या संचलनात. म्हणजे आजोबाच्या वयाची रायफल नातवाच्या हातात होती. हत्यार म्हणून ती भक्कम, यात वाद नाही. पण भक्कम हत्यारही झिजते.

काडतुसाच्या टिकलीवर जी टोकदार सुई आपटते तिचे टोक बोथट झाले, किंवा तिच्यामागची स्प्रिंग वर्षानुवर्षे दाबली जाऊन मऊ पडली, तर आघात कमी पडतो आणि 'फुसका बार' होतो. रिकामी पुंगळी बाहेर खेचणारी आकडी झिजली की पुंगळी आतच अडकते. मग समोरून गोळ्या येत असताना शिपायाने काय करायचे? बोल्ट उघडून बोटाने पुंगळी उचकटत बसायचे? काडतुसे वर ढकलणारी पेटीची स्प्रिंग आणि पेटीची वाकलेली कड हे अडकण्याचे आणखी एक नेहमीचे कारण. कारगिलच्या युद्धात १९९९ मध्ये इन्सास रायफलीच्या प्लास्टिकच्या पेट्या थंडीत तडकल्याच्या तक्रारी आल्या होत्या, हे अनेकांना आठवत असेल.

याहून धोकादायक झीज डोळ्यांना दिसत नाही. बोल्टचे तोंड आणि काडतुसाचे बूड यांच्यात ठराविक फट असावी लागते. हजारो फेऱ्यांच्या धक्क्याने बोल्टचे खांदे आणि त्यांच्या बैठका झिजत जातात आणि ही फट वाढते. मर्यादेपलीकडे वाढली की पुंगळी बुडाजवळ फाटते आणि तप्त वायू मागे, म्हणजे चालवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे येऊ शकतो. ही फट मोजण्याचे मापक असते. काडतुसाऐवजी ते घालून बोल्ट मिटतो की नाही एवढेच पाहायचे असते. पाच मिनिटांचे काम आहे. ते करायला प्रशिक्षित आर्मोरर हवा, मापक हवे आणि वेळ हवा.

आणि मग चाप. चाप आणि सुई यांच्यामध्ये एक लहानसा पोलादी अडसर असतो, त्याला सिअर म्हणतात. ताणलेल्या स्प्रिंगची सगळी ताकद या अडसराच्या एका बारीक कडेवर तोललेली असते. ती कड धारदार आणि चौकोनी आहे तोपर्यंत सर्व ठीक. ती गोलसर झाली, किंवा कोणी अर्धवट कारागिराने चाप 'हलका' करण्यासाठी ती कानशीने घासली, की अडीच किलोच्या आसपास ओढ मागणारा चाप अर्ध्या ताकदीने सुटतो. पुढे तर हत्यार नुसते आपटले तरी अडसर निसटतो. उघड्या बोल्टवर चालणाऱ्या जुन्या कार्बाइनमध्ये हा धोका अधिकच, कारण तिथे मागे रोखलेला जड बोल्ट पुढे निसटला की तो स्वतःच काडतूस उचलतो आणि उडवतो. माणसाचे बोट चापावर असण्याची गरजच राहत नाही.

बारा बोअरच्या दुनळी बंदुकीबाबत तर मोठा गैरसमज आहे. 'सेफ्टी लावली होती, मग बार उडाला कसा?' असा प्रश्न न्यायालयात हमखास विचारला जातो. या प्रकारच्या बहुतेक बंदुकांत सेफ्टी फक्त चाप रोखते. आतला घोडा ती रोखत नाही. अडसर झिजलेला असेल तर दस्ता जमिनीवर आदळताच घोडा पडू शकतो, सेफ्टी लावलेली असली तरी. बँकेच्या दारात स्टुलावर बसलेला जो रखवालदार आपण रोज पाहतो त्याच्या मांडीवर बहुधा हीच बंदूक असते. अनेकदा ती त्याची स्वतःची, परवान्याची असते. बंदूक आहे म्हणून तर नोकरी मिळाली! तुटपुंज्या पगारातून तिची दुरुस्ती त्यानेच करायची, आणि बार उडून कोणी मेले तर तुरुंगातही त्यानेच जायचे. एजन्सी म्हणते तो आमचा माणूस, पण बंदूक त्याची. बँक म्हणते तो आमचा माणूसच नाही.

इथे कायद्याचा भाग येतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणाने मृत्यू घडवणाऱ्यास आता पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जुन्या दंड संहितेच्या कलम ३०४-अ मध्ये ती दोन वर्षे होती. १ जुलै २०२४ पासून हा बदल लागू झाला. शिक्षा वाढली याचे स्वागत. परंतु निष्काळजी कोण? ज्याच्या हातात ती झिजलेली रायफल होती तो, की ज्याने ती त्याच्या हातात दिली तो? संहितेचे कलम १८ (जुने कलम ८०) सांगते की कायदेशीर काम कायदेशीर रीतीने, योग्य ती काळजी व दक्षता घेऊन करताना अपघात घडला तर तो गुन्हा नाही. ही 'योग्य काळजी' चाप ओढण्याच्या क्षणी सुरू होत नाही. ती शस्त्रागारात सुरू होते. पण तपास अधिकारी शस्त्रागाराच्या दारापर्यंत जातच नाही. तो शिपायापाशी थांबतो. बहुतेक वेळा हा शिपाई शेतमजुराचा, छोट्या शेतकऱ्याचा, वस्तीतला मुलगा असतो. भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावलेला. निलंबन त्याचे, गुन्हा त्याच्यावर, वकिलाची फी त्याच्या बायकोच्या मंगळसूत्रातून. दोषी असेल तर शिक्षा व्हावीच. पण दोष ठरवण्याआधी हत्याराची साक्ष नको का?

याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे आणि या दैनिकाच्या वाचकाला ती सांगावी लागणार नाही. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात राज्य राखीव पोलीस दलाने केलेल्या गोळीबारात दहा माणसे मेली. बहुतेकांच्या जखमा कमरेच्या वर होत्या. जमावावर गोळीबार करण्याची वेळ आलीच तर नेम खाली धरावा, हा पोलीस शिकवणीतला पहिला धडा. उद्या एखादा अधिकारी म्हणाला की 'नेम खालीच होता, पण नळी झिजलेली होती म्हणून गोळी वर गेली', तर? नळीच्या आतले आटे झिजले, तोंड घासले की गोळी भरकटते हे शास्त्रीय सत्य आहे. क्वचित ती आडवी होऊनही लागते. पण हेच सत्य खोट्या बचावाची ढालही होऊ शकते. भरकटलेली गोळी सगळीकडे भरकटते. ती निवडून छातीतच जात नाही. त्या प्रकरणात २००९ मध्ये सत्र न्यायालयाने अधिकाऱ्याला दोषी ठरवून जन्मठेप सुनावली, हे नोंदवून ठेवतो. म्हणून झिजेची नोंद आपल्याला दोन्हीकडून हवी. निरपराध शिपाई सुटावा म्हणून, आणि अपराधी अधिकारी सुटू नये म्हणूनही.

'अपघाताने गोळी सुटली' हा बचाव आपल्या मुंबईने फार गाजावाजाने ऐकलेला आहे. १९५९ च्या नानावटी खटल्यात आरोपी नौदल अधिकाऱ्याचे म्हणणे होते की झटापटीत रिव्हॉल्व्हर उडाले. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९६१ मध्ये ते फेटाळले. गोळ्या एकाहून अधिक होत्या, आणि रिव्हॉल्व्हरचा घोडा दर गोळीला नव्याने पाडावा लागतो. तिथे हत्याराच्या रचनेवर बारकाईने चर्चा झाली, कारण आरोपीच्या मागे बडे वकील उभे होते. आमच्या जिल्हा न्यायालयात येणाऱ्या आरोपीसाठी असा प्रश्न कोण विचारतो? शस्त्रतज्ज्ञाच्या अहवालात बहुधा तेच वाक्य असते की हत्यार 'चालू स्थितीत' आहे. चालू स्थितीत म्हणजे काय? चापाला किती ओढ लागते, सेफ्टी लावून आपटल्यावर बार उडतो का, अडसराची कड कशी आहे, बोल्टची फट किती, हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. विचारायला आधी माहीत पाहिजे. वकिलांच्या प्रशिक्षणात शस्त्रांवर एक तास तरी असावा, असे मला फार वर्षांपासून वाटते. आम्हाला मृत्यूपूर्व जबानीवर मात्र दहा-दहा व्याख्याने ऐकवतात.

त्यात मुद्देमालाचे हाल पाहा. जप्त बंदूक पंचनामा होऊन कापडात शिवली जाते, लाखेचे सील लागते आणि ती पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत पडते. पावसाळ्यात त्या खोलीच्या भिंती घाम फुटल्यासारख्या ओल्या असतात. कलिनाच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत ती पोचेपर्यंत आत गंज धरतो. गंजलेला अडसर घट्टही बसू शकतो, म्हणजे घटनेच्या दिवशी सहज सुटणारा चाप प्रयोगशाळेत जड लागतो. मी लढवलेल्या एका प्रकरणात अहवालात 'गंजलेले' असा शब्द होता आणि जप्तीच्या पंचनाम्यात 'तेल लावलेले, स्वच्छ'. दोन्ही कागद सरकारी! मधल्या महिन्यांत काय झाले, हे सांगायला कोणी साक्षीदार नव्हता.

खासगी परवानाधारकाला निदान शस्त्र अधिनियम, १९५९ चा धाक आहे. हत्यार दुरुस्त करायचे असो वा त्याची चाचणी करायची असो, तो धंदा करणाऱ्याला कलम ५ खाली परवाना लागतो. परंतु त्याच अधिनियमाचे कलम ४५ सरकारी शस्त्रांना आणि कर्तव्यावरील लोकसेवकाला या चौकटीबाहेर ठेवते. हे समजण्यासारखे आहे, शिपाई परवाना काढून तर ड्युटीवर जाणार नाही. पण कायद्याबाहेर काढलेल्या हत्यारांची तपासणी मग कोणत्या कायद्याने होते? खात्याच्या अंतर्गत नियमांनी, आणि ते नियम पाळले की नाही हे खातेच ठरवते. काडतुसाचा हिशेब पुंगळीपर्यंत ठेवला जातो. एक पुंगळी हरवली तर शिपायाची झोप उडते. त्याच काटेकोरपणे एखाद्या नळीतून आजवर किती फेऱ्या झडल्या, स्प्रिंग कधी बदलली, फट कधी मोजली याची नोंदवही न्यायालयासमोर आलेली मी माझ्या वकिलीत पाहिलेली नाही.

शिपायाला मात्र सेवापुस्तक असते. त्याची रजा, शिक्षा, बक्षीस, वेतनवाढ सगळे त्यात. मग त्याच्या हातातल्या बंदुकीला का नको? माहितीच्या अधिकारात मी एका कार्यालयाकडे फक्त एवढेच विचारले होते की गेल्या पाच वर्षांत किती हत्यारे निकामी ठरवून बाद केली. उत्तर आले, 'सुरक्षेच्या कारणास्तव देता येत नाही.' चालू हत्यारे किती आणि कुठे, हे गुप्त ठेवा. पण मोडीत काढलेल्या लोखंडात कसली सुरक्षा? २००५ च्या त्या कायद्यातच कलम १० आहे. गुप्त भाग झाकून उरलेली माहिती द्यावी असे ते सांगते. ते कलम माहिती अधिकाऱ्यांना बहुधा कोणी वाचून दाखवत नसावे.

पैसा नाही, हे कारणही पूर्ण खरे नाही. पोलीस आधुनिकीकरणाचा निधी अखर्चित राहिल्याबद्दल महालेखापरीक्षकांनी अनेक राज्यांच्या अहवालांत ताशेरे ओढले आहेत. आणि मुंबईने तर याची किंमत रक्ताने मोजली आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री स्थानकावर एके-४७ घेतलेल्या अतिरेक्यांसमोर पोलिसांकडे काय होते? जुन्या थ्री नॉट थ्री आणि काठ्या. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या रायफलीची नळी हातांनी धरली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. त्यांच्या हाती लाठी होती. नंतर राम प्रधान समितीसमोर सरावासाठी पुरेशी काडतुसे मिळत नसल्याची बाबही आली. जी रायफल वर्षानुवर्षे उडवलीच जात नाही तिचा दोष ध्यानात येणार कधी? सराव हा माणसाचा असतो तसाच तो हत्याराचीही परीक्षा असतो. ओंबळे यांना अशोकचक्र मिळाले, ते योग्यच. पण शौर्याचे पदक देऊन शस्त्रागाराचा हिशेब चुकता होत नाही.

अमेरिकेत रेमिंग्टन कंपनीच्या ७०० क्रमांकाच्या शिकारी रायफलीचे प्रकरण अभ्यासण्यासारखे आहे. चाप न ओढता ती उडते, अशा तक्रारी अनेक वर्षे येत होत्या. माणसे दगावली. कंपनी म्हणत राहिली, चालवणाऱ्याची चूक. पुढे दावे लढले गेले तेव्हा कंपनीच्या कपाटातले कागद बाहेर आले. चाप तयार करणाऱ्या अभियंत्यानेच १९४० च्या दशकात अधिक सुरक्षित बदल सुचवला होता, हे त्यातून दिसले. शेवटी दोष मान्य न करता का होईना, सुमारे ७५ लाख बंदुकांचे चाप बदलून देण्याच्या तडजोडीला कंपनी तयार झाली. बंदुकांच्या बाबतीत अमेरिका आदर्श देश नाही, उलटच आहे. घ्यायचे ते एवढेच, की तिथे आतले कागद न्यायालयाने मागितले म्हणून बाहेर आले.

आपल्याकडेही दार अगदी बंद नाही. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात चकमकींच्या तपासाबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यात संबंधित पोलिसांनी आपली शस्त्रे न्यायवैद्यक व बॅलिस्टिक तपासणीसाठी जमा करावीत, असे स्पष्ट आहे. माझे म्हणणे एवढेच की शस्त्रासोबत त्याची तपासणी-दुरुस्ती नोंदही जमा झाली पाहिजे, आणि हे फक्त चकमकीत नव्हे तर पोलिसाच्या किंवा रखवालदाराच्या हत्याराने कोणी मेले वा जखमी झाले त्या प्रत्येक प्रकरणात. गृहखात्याने एक परिपत्रक काढले तरी पुरे, विधेयकाची गरज नाही. वर्षातून एकदा प्रत्येक हत्याराची मापकाने तपासणी, तारीख आणि आर्मोररची सही. सही करणाऱ्याने उद्या पिंजऱ्यासमोर येऊन उत्तर द्यायचे. बँका आणि सुरक्षा एजन्सींनाही हेच लागू करावे, आणि खर्च एजन्सीचा.

परिपत्रक निघेपर्यंत आपल्या वकील बांधवांनी थांबू नये. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ (जुने ९१) खाली न्यायालय कोणताही आवश्यक दस्तऐवज मागवू शकते. आरोप निश्चितीच्या टप्प्यावर आरोपीने असा अर्ज केला तर सरकारी वकील २००४ च्या देवेंद्रनाथ पाढी निकालाकडे बोट दाखवतील आणि बहुधा त्यांचेच ऐकले जाईल, कारण बचावाचे कागद बचावाच्या वेळी, असे तो निकाल सांगतो. तोवर दोन-चार वर्षे जातात आणि शस्त्रागाराची वही 'जुनी म्हणून नष्ट' झालेली असते. तेव्हा रिमांडच्या पहिल्याच दिवशी, वही हजर करा असे नव्हे तर वही जतन करा एवढाच साधा अर्ज द्यावा. त्यात हत्याराचा बट क्रमांक लिहावा, शस्त्रागाराचे नाव लिहावे आणि अर्जाच्या प्रतीवर पोलीस ठाण्याची पोच घ्यावी. पुढे वही आली नाही तर साक्ष अधिनियमाच्या कलम ११९ प्रमाणे, दडवलेला पुरावा दडवणाऱ्याच्या विरोधातच गेला असता, असे अनुमान काढण्याची विनंती करता येते. मृताच्या नातेवाइकांच्या वकिलांनाही हाच अर्ज तितकाच उपयोगी आहे.